छायाचित्र लहान करताना

आमच्या घरात माझ्या आजीचे एकच छायाचित्र आहे. ते तिचे एकटीचे नाही. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात पाझर तलावाच्या कामावर असलेल्या एक्केचाळीस माणसांचा तो समूहफोटो आहे. मध्यभागी चार खुर्च्या. त्यांवर ओव्हरसियर, मुकादम आणि गावातली दोन वजनदार माणसे. त्यांच्या पुढे जमिनीवर अकरा मजूर मांडी घालून बसलेले. खुर्च्यांच्या मागे बारा पुरुष उभे. आणि सर्वांच्या मागे, मातीच्या ढिगावर, चौदा बायकांची रांग. या रांगेत अगदी डाव्या टोकाला माझी आजी आहे. डोईवर पदर, कपाळावर गोंदण, काखेत पाटी. हा फोटो पुढे कित्येक वर्षे मुकादमाच्या भिंतीवर होता. ते घर पाडले तेव्हा त्यांच्या मुलाने तो माझ्या वडिलांना आणून दिला.

दोन वर्षांपूर्वी मी तो फोटो मोबाइलवर टिपला आणि भावकीच्या गटावर पाठवला. संध्याकाळी आत्याचा फोन आला. "आरं बाळा, ह्यात आई कुठं हाय?" तिच्या नातवाने फोटो उघडून, ताणून मोठा केला. आजीच्या जागी एक करडा डाग होता. मग त्या पोराने उत्साहाने कुठल्याशा ॲपमधून तो डाग 'क्लिअर' करून पाठवला. आता चेहरा स्वच्छ होता. नाक सरळ होते, वर्ण उजळ होता, कपाळ कोरे होते. आत्या म्हणाली, "ही कोण बाई?"

त्या दिवसापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. छायाचित्र लहान करणे ही क्रिया आज आपण सगळेच दिवसातून अनेकदा करतो, किंवा आपल्या नकळत ती आपल्यासाठी केली जाते. ती कशी घडते, तिच्यात काय जाते आणि काय राहते, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. मी इतिहासाचा शिक्षक आहे, संगणकशास्त्राचा नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे विचारायलाही घरात कोणी नव्हते. जे समजले ते कागदावर हिशेब करून समजले. तोच हिशेब इथे मांडतो.

१

मोबाइलमधले छायाचित्र म्हणजे बिंदूंचा तक्ता. या बिंदूला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे प्रमाण सांगणारे तीन आकडे असतात. छायाचित्रात याहून वेगळे काहीच साठवलेले नसते. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घातला. डिजिटल रूपात आणलेले ते पहिले छायाचित्र मानले जाते. त्यात रुंदीला १७६ आणि उंचीला १७६, म्हणजे एकतीस हजारांच्या आतबाहेर बिंदू होते. तेही घरातल्याच माणसाचे छायाचित्र होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

आज साधारण मोबाइलचा कॅमेरा बारा मेगापिक्सेलचा फोटो काढतो, म्हणजे रुंदीला ४००० आणि उंचीला ३००० बिंदू. एकूण १ कोटी २० लाख. प्रत्येकी तीन आकडे धरले तर हा फोटो ३ कोटी ६० लाख बाइट्सचा होतो. पण तो पाहायचा कुठे? स्वस्त स्मार्टफोनचा पडदा बहुधा ७२० बाय १६०० बिंदूंचा असतो. फोन उभा धरला की आडव्या फोटोला रुंदीत ७२० बिंदूच मिळतात. बटणांचा फोन असेल तर त्याहून बिकट. २०१७ साली आलेल्या जिओफोनचा पडदा २४० बाय ३२० बिंदूंचा होता. माझे वडील अजून बटणांचाच फोन वापरतात.

आता आमच्या फोटोचा हिशेब करा. मागच्या रांगेत चौदा बायका. मूळ फोटोत प्रत्येकीच्या वाट्याला रुंदीचे सुमारे २८५ बिंदू येतात आणि त्यांतला चेहरा साधारण ९५ बिंदूंचा असतो. ७२० बिंदूंच्या पडद्यावर तोच चेहरा १७ बिंदूंचा होतो. २४० च्या पडद्यावर सहाचा. सहा बिंदूंत माणूस ओळखता येत नाही. माणूस आहे एवढेच कळते.

२

४००० चे ७२० करताना संगणक नेमके काय करतो? मूळ फोटोतले सुमारे एकतीस बिंदू घेऊन त्यांचा एक बिंदू करतो. चांगली पद्धत असेल तर त्या एकतीस बिंदूंची सरासरी काढली जाते. वाईट पद्धत असेल तर एकतीसांतला एक बिंदू ठेवून बाकीचे तीस टाकून दिले जातात; मग रेषा तुटतात, कडा करवतीसारख्या दिसतात. काही ॲप्समध्ये 'बायक्युबिक' किंवा 'लँक्झोस' असे पर्याय दिसतात. ही शेजारच्या बिंदूंना विचारात घेणाऱ्या सरासरीचीच सुधारलेली रूपे आहेत. ती निवडावीत.

पण सरासरी कितीही चांगली असली तरी लहान गोष्ट मोठ्या गोष्टीत मिसळून जाते. आजीच्या गोंदणाचा ठिपका मूळ फोटोत पाच बिंदू रुंद आणि पाच बिंदू उंच होता. लहान केल्यावर तो एका बिंदूपेक्षाही कमी जागेत आला आणि कपाळाच्या रंगात मिसळला. तो कोणी मुद्दाम पुसला नाही. सरासरीचा तो स्वभावच आहे.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे. एकतीस आकड्यांची सरासरी काढता येते. सरासरीवरून ते एकतीस आकडे परत काढता येत नाहीत. वर्गातल्या साठ मुलांच्या गुणांची सरासरी सांगितली तर कुणाला किती गुण मिळाले हे कोण सांगू शकेल? लहान केलेला फोटो पुन्हा मोठा करता येतो असे सांगणारी ॲप्स आहेत. ती हरवलेले परत आणत नाहीत. हजारो-लाखो इतर चेहरे पाहून 'अशा जागी बहुधा असे असते' असा अंदाज ती भरतात. गोंदण नसलेलेच चेहरे त्यांनी अधिक पाहिले असतील, तर गोंदण येणार नाही. माझ्या आजीच्या जागी आलेली ती बाई अशी आली होती. ज्यांच्या घरी चाळीस फोटो आहेत त्यांना असा एखादा फोटो चालून जाईल. ज्यांच्या घरी एकच आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये.

दुसरी गोष्ट कापण्याची. मोबाइलच्या गॅलरीत फोटो चौकोनी तुकड्यांत दिसतात. ४००० बाय ३००० च्या फोटोचा चौकोन करायचा तर दोन्ही बाजूंनी पाचशे-पाचशे बिंदू कापावे लागतात. आमच्या फोटोत त्या पाचशे बिंदूंत डावीकडच्या जवळजवळ दोन आणि उजवीकडच्या जवळजवळ दोन बायका येतात. खुर्च्यांवरचे चौघे मात्र शाबूत राहतात, कारण ते मध्यभागी आहेत. आत्याला आई दिसली नाही ती प्रथम यामुळे. यंत्राला ओव्हरसियर कोण आणि मजूर कोण हे ठाऊक नसते. मध्य ठेवायचा आणि कडा कापायच्या एवढेच त्याला ठाऊक असते. परंतु कडेला कोण उभे राहिले होते हे यंत्राने ठरवलेले नव्हते.

३

आता वजनाकडे वळू. फोटोचा आकार आणि फोटोचे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकार बिंदूंत मोजतात, वजन केबी किंवा एमबीमध्ये. या दोहोंत गोंधळ झाला की आपल्या मुलांचे कसे नुकसान होते ते मी पाहिले आहे. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीचा अर्ज 'फोटो अस्पष्ट' असा शेरा मारून परत आला. फोटो पन्नास केबीच्या आत हवा होता. तालुक्याच्या केंद्रावर तिचा बारा मेगापिक्सेलचा फोटो घेतला आणि आकार तसाच ठेवून, वजन पन्नास केबीच्या आत येईपर्यंत दाबत नेला. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही तो दुरुस्त करून पुन्हा भरला.

चूक कुठे झाली हे भागाकाराने कळते. पन्नास केबी म्हणजे सुमारे चार लाख बिट्स. ते १ कोटी २० लाख बिंदूंमध्ये वाटले तर एका बिट्चा तिसावा हिस्सा एका बिंदूच्या वाट्याला येतो. एवढ्यात रंग काय सांगणार? तोच फोटो आधी २०० बाय २३० बिंदूंचा केला, तर बिंदू होतात ४६ हजार, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आठाहून अधिक बिट्स येतात. चेहरा स्वच्छ राहतो. म्हणून नियम असा: आधी आकार कमी करा, मग दाब द्या. हा क्रम उलटा करू नका.

हा दाब देण्याची जी रीत जगभर चालते तिचे नाव जेपेग. तिचे मानक १९९२ साली ठरले. तिच्या मुळाशी जे गणित आहे ते नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. अहमद मूळचे बंगळूरचे. या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेकडे अनुदान मागितले, तेव्हा कल्पना फारच साधी आहे म्हणून ते नाकारले गेले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आज आपण पाहतो त्यांतली बहुतेक छायाचित्रे त्या साध्या कल्पनेवर चालतात.

ही रीत अशी. फोटोचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनात ठळक चढउतार किती आणि बारीक चढउतार किती हे वेगळे काढले जाते. मानवी डोळ्याला बारीक चढउतार कमी जाणवतात, म्हणून ते ढोबळ करून टाकले जातात. उजेड-अंधारातला फरक डोळ्याला नीट कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून रंगाची माहिती अधिक कापली जाते. 'क्वालिटी' म्हणून जो आकडा विचारला जातो तो हा ढोबळपणा ठरवतो. ८० च्या आसपास ठेवला तर मोबाइलवर फरक दिसत नाही. ३० च्या खाली गेला की चौकोन दिसू लागतात. आणि उघडून, बदल करून पुन्हा जेपेगमध्ये साठवताना दर वेळी थोडे आणखी जाते. दहा गटांतून फिरून, पुन्हा पुन्हा दाबून आलेला फोटो मळकट दिसतो तो यामुळे.

४

या रीतीचा एक परिणाम आपल्या लोकांच्या छायाचित्रांवर विशेष होतो. उन्हात काढलेल्या जुन्या कृष्णधवल फोटोत पांढरे धोतर, पांढरी टोपी झळकते आणि काळा चेहरा सावलीत जातो. त्या चेहऱ्यातले चढउतार आकड्यांनी मुळातच लहान असतात. जेपेग लहान चढउतार आधी टाकते. म्हणजे टोपीची घडी राहते आणि गालाची सुरकुती जाते. मग कोणी तो फोटो उजळवू पाहिला तर सुरकुतीऐवजी चौकोन उजळतात. यासाठी सावलीचा भाग हलकेच उजळण्याचे काम लहान करण्याच्या आधी, मूळ आकारातल्या प्रतीवर करावे. संपूर्ण फोटो उजळवू नये. टोप्या पांढऱ्याफटक होतात आणि चेहरे तसेच राहतात.

ही अडचण नवी नाही. गेल्या शतकाच्या मध्यापासून छापखोल्यांमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र नमुना म्हणून पाठवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या कातडीचा रंग बरोबर आला की सगळे बरोबर, असे मानले जाई. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर नीट उमटत नाहीत याची कंपनीने बराच काळ दखल घेतली नाही. लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी आपल्या मालाच्या छटा उमटत नाहीत म्हणून तक्रार केली तेव्हा फिल्म सुधारण्याकडे लक्ष गेले. तंत्र बनवताना समोर कोणाचा चेहरा होता, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा असतो.

५

फोटोइतकाच महत्त्वाचा प्रश्न छापील पानांचा आहे. आपली जुनी नियतकालिके, पत्रके, अहवाल यांची पाने मुले मोबाइलवर टिपून एकमेकांना पाठवतात आणि त्यावरून अभ्यास करतात. साध्या आकाराचे कागदाचे पान २१० मिलिमीटर रुंद असते. ते ७२० बिंदूंत बसवले तर एका मिलिमीटरला साडेतीनही बिंदू मिळत नाहीत. तीन मिलिमीटरचे अक्षर दहा बिंदूंत येते आणि अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार दीड-दोन बिंदूंत. इंग्रजी अक्षर एवढ्यात कसेबसे वाचता येते. आपल्या लिपीत मात्रा, रफार, अनुस्वार डोक्यावर असतात, आणि आधी जातात ते हेच. 'भांडे' चे 'भाडे' होते, आणि वाचणाऱ्याला चूक झाली हे कळतही नाही.

म्हणून पानाचा फोटो रुंदीला १६०० बिंदूंच्या खाली आणू नये. तेव्हा अक्षर तेवीस बिंदूंचे आणि अनुस्वार जवळजवळ चार बिंदूंचा राहतो. पडदा दोन बोटांनी ताणून वाचता येते. वजन कमी करायचे असेल तर रंग काढून करडे करावे. अक्षरांच्या कडेला जेपेगमुळे मुंग्यांसारखे ठिपके उठतात. पीएनजी या रीतीत ते उठत नाहीत, म्हणून स्वच्छ छपाईच्या पानाला ती अधिक बरी.

जुन्या अंकांत ब्लॉक करून छापलेली छायाचित्रे बारीक ठिपक्यांच्या जाळीची असतात. ती सरळ लहान केली तर त्यावर लाटांची नक्षी उमटते. अशी चित्रे शक्य तितक्या मोठ्या आकारात टिपून, किंचित धूसर करून, मग लहान करावीत.

६

आता मी काय करतो ते सांगतो. आमचा फोटो मी पुन्हा टिपला. काच काढून, खिडकीशेजारी, सावलीत, मोबाइल फोटोला अगदी समांतर धरून. या मूळ फाइलला मी हात लावत नाही. ती संगणकात एक आणि वेगळ्या पेनड्राइव्हवर एक अशा दोन ठिकाणी आहे. सगळे काम प्रतीवर होते.

पाहणाऱ्याने तिप्पट ताणून पाहावे असे वाटत असेल तर ७२० ची तिप्पट, म्हणजे २१६० बिंदू रुंदी हवी. त्या आकारात आजीचा चेहरा एकावन्न बिंदूंचा होतो आणि गोंदण दिसते. एकट्या माणसाचा फोटो असेल तर लांब बाजू १०८० पुरते. रुंदी आणि उंचीचे प्रमाण बांधलेले ठेवावे; नाहीतर माणसे चपटी होतात. लहान केल्यावर अगदी थोडी धार द्यावी, जास्त नाही. बटणांच्या फोनसाठी मी वेगळी युक्ती केली. पूर्ण फोटोबरोबर प्रत्येक रांगेचे वेगवेगळे तुकडे कापून पाठवले, कडेची माणसे दोन्ही तुकड्यांत येतील असे. वडिलांनी त्या बारक्या पडद्यावर आपली आई ओळखली.

पाठवताना व्हॉट्सॲप फोटो आपल्या हिशेबाने पुन्हा दाबते. 'एचडी' निवडले तरी दाबते, फक्त कमी. फाइल जशीच्या तशी जावी असे वाटत असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. मात्र इथे कार्यकर्त्यांनी सावध राहिले पाहिजे. कॅमेऱ्यात स्थानाची नोंद चालू असेल तर फोटोच्या पोटात त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर तेही जातात. अत्याचाराच्या घटनेत साक्षीदाराच्या घरात काढलेला फोटो असा पाठवणे म्हणजे त्याच्या घराचा पत्ता वाटणे होय. दाखवण्याच्या प्रतीतून ही नोंद काढून टाकावी.

पुराव्याची प्रत मात्र वेगळी. तिचा आकार बदलू नये, ती उजळवू नये, तिच्यातली नोंद काढू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा फाइलबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हे मूल्य फाइलच्या मजकुरावरून काढलेले असते. एक बिंदू बदलला तरी ते बदलते. म्हणून घटनेचे फोटो काढणाऱ्याने दाखवण्याची प्रत आणि पुराव्याची प्रत पहिल्याच दिवशी वेगळी करावी.

बाकी फायदा साधा आहे. चार एमबीचे साठ फोटो म्हणजे २४० एमबी. तेच तीनशे केबीचे केले तर १८ एमबी. ज्याच्या फोनमध्ये जागा नाही आणि ज्याचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो, त्या मुलाला हे साठ फोटो पाहता येतात. लहान करण्याला माझा विरोध नाही. लहान केल्याशिवाय ते आपल्या माणसांपर्यंत पोहोचणारच नाहीत. कोणी लहान करायचे आणि काय राखायचे, हे आपल्या हातात असावे इतकेच.

एक काम उरते, ते कोणतेही ॲप करत नाही. कॅमेरा फाइलला आकड्यांचे नाव देतो. मी ते बदलून गाव, काम आणि वर्ष लिहिले, आणि सोबत एका कागदावर रांगेप्रमाणे नावे लिहायला घेतली. खुर्च्यांवरच्या चौघांची नावे पहिल्याच दिवशी मिळाली. ती गावात सर्वांना पाठ आहेत. मागच्या रांगेसाठी आत्याकडे जाऊन बसलो. ती एकेक चेहरा ताणून पाहत होती आणि सांगत होती. चौदांपैकी नऊ नावे मिळाली. पाच जागा मी रिकाम्या ठेवल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या दोन वाड्यांवर जायचे आहे, तो फोटो मोबाइलमध्ये घेऊन.